प्लास्टिकच्या टाकीला पेट्रोलचा काटा बसवायचाय (फायबर बोट, नर्मदेचा फुगवटा)

नर्मदा_फेरी

नमस्कार मंडळी. मी धडगाव तालुक्यातला. सरदार सरोवराच्या फुगवट्यात आमची फायबरची बोट चालते. भूषा, भादलकडची माणसं, बाजाराचं सामान, रेशनची पोती, बकऱ्या, कधी पेशंट, सगळं याच बोटीत. मागे २५ हॉर्सपॉवरचं पेट्रोलचं आउटबोर्ड मशीन आहे. मधल्या बाकड्याखाली ६० लिटरची काळी, जाड प्लास्टिकची टाकी पट्ट्यांनी आवळून बसवली आहे. टाकीला भरायचं तोंड आहे, हवेची नळी आहे, मशीनकडे जाणारा पाइप आहे. किती पेट्रोल उरलं हे दाखवणारं मात्र काहीच नाही.

सध्या लाकडी काठी घालून बघतो. पण बाकड्यावर माणसं बसली की फळी उचलता येत नाही, आणि टाकी काळी असल्यानं बाहेरून पातळी दिसत नाही. इथं पेट्रोल म्हणजे घाट चढून धडगावहून आणायचं. मधल्या पाण्यात मशीन बंद पडलं तर दोन्ही बाजूंना सरळसोट डोंगर, हाक ऐकायला कोणी नाही. त्यामुळे काटा लावायचाच असं ठरवलं आहे.

विचारायचं हे: टाकीला भोक कसं पाडायचं म्हणजे ती गळणार नाही? सेंडर, म्हणजे टाकीत बसून मीटरला पातळी कळवणारा भाग, कोणता घ्यावा? बोटीत सर्चलाइट आणि हॉर्नसाठी १२ व्होल्टची बॅटरी आहे, ती मशीनवरच चार्ज होते. त्यावर मीटर चालेल ना?

हतनूरचा_जाळेवाला

दादा, आम्ही हतनूरच्या पाण्यात जाळी टाकतो, तापी-पूर्णेच्या संगमाकडे, चांगदेवच्या बाजूला. आमच्याकडे सगळ्यांच्या सुट्या टाक्या आहेत, २४-२५ लिटरच्या. त्यांच्या झाकणातच फ्लोटचा छोटा काटा येतो. वायर नाही, बॅटरी नाही. एक टाकी संपली की पाइपाचं कनेक्शन काढून दुसरीला लावायचं. तुम्ही अशा दोन टाक्या का घेत नाही? एक संपली म्हणजे अर्धं पेट्रोल संपलं, याहून पक्का हिशोब कोणता?

आणि काठी सोडू नका. काठी कधी बिघडत नाही. फक्त लाकडीच ठेवा, लोखंडी सळई टाकीत घालू नका.

नर्मदा_फेरी

भाऊ, तुमचं म्हणणं पटतं. पण आमच्या बोटीत माणसं पायाशी सामान ठेवतात, सुट्या टाक्या ठेवायला जागा उरत नाही आणि त्या लाथाडल्या जातात. पक्की टाकी खाली बसलेली असते, वजनही मध्ये राहतं. म्हणून तीच ठेवायची आहे. काठी ठेवणारच.

शहादा_गॅरेज

राम राम. माझं शहाद्यात ट्रॅक्टरचं गॅरेज आहे. ऊस आणि केळीवाल्यांचे ट्रॅक्टर दिवसभर असतात, त्यामुळे फ्लोट आणि सेंडर हा रोजचा विषय. ट्रॅक्टरच्या डिझेल टाकीचा सेंडर कुठल्याही स्पेअर पार्टच्या दुकानात मिळतो आणि स्वस्तात मिळतो. एक दांडी, टोकाला फ्लोट, वर पत्र्याची चकती. सोबत त्याच ट्रॅक्टरचं मीटर घ्यायचं. माझ्या मते जास्त खर्चात पडायची गरज नाही.

भुसावळ_वायरमन

शहाद्याच्या भाऊंचा अनुभव मोठा आहे, पण इथं तीन गोष्टी बघाव्या लागतील. मी आयुष्यभर रेल्वेत इलेक्ट्रिकचं काम केलं, म्हणून थोडं सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट. ट्रॅक्टरचा सेंडर बहुतेक वेळा एका वायरचा असतो. त्याचं निगेटिव्ह टाकीच्या पत्र्यातून चेसिसला जातं. तुमची टाकी प्लास्टिकची, बोट फायबरची. तिथं पत्राच नाही, त्यामुळे करंटला परतायला रस्ता नाही. सेंडरच्या चकतीपासून थेट बॅटरीच्या निगेटिव्हपर्यंत वेगळी वायर ओढावीच लागेल. प्लास्टिकच्या टाकीवर मीटर चालत नाही अशा तक्रारीत मी सर्वांत आधी हीच वायर शोधतो.

दुसरी गोष्ट. सेंडर म्हणजे पातळीप्रमाणे बदलणारा रेझिस्टन्स, आणि मीटर त्या ओहमचं भाषांतर काट्यात करतं. दोघांची पट्टी एकच हवी. बोटींच्या बाजारात दोन पट्ट्या जास्त दिसतात. अमेरिकन पट्टीत टाकी रिकामी असताना २४० ओहम, भरलेली असताना ३३. युरोपियन पट्टीत रिकामी असताना १०, भरलेली असताना १८०. म्हणजे एकीत पेट्रोल वाढलं की ओहम कमी होतात, दुसरीत वाढतात. एकीचा सेंडर दुसरीच्या मीटरला लावला तर काटा उलटा चालेल. ट्रॅक्टर-ट्रकच्या पट्ट्या कंपनीगणिक आणखी वेगळ्या. सेंडर आणि मीटर जोडीनंच घ्या, आणि दुकानातच मल्टिमीटर लावून फ्लोट वर-खाली करून बघा.

तिसरी गोष्ट मला सगळ्यांत महत्त्वाची वाटते. बिघाड झाला तर मीटर कोणत्या बाजूला खोटं बोलेल?

पाण्यावरच्या बोटीत जोड सैल होणारच, टर्मिनलवर हिरवं जमणारच. जोड खराब झाला की वायरीत जादा रेझिस्टन्स येतो. २४०-३३ च्या पट्टीत जादा ओहम म्हणजे काटा रिकाम्याकडे सरकतो, आणि वायर तुटलीच तर काटा सरळ रिकाम्यावर पडतो. तुम्ही घाबरून किनाऱ्याला याल, टाकीत पेट्रोल असेल. १०-१८० च्या पट्टीत तोच खराब जोड काटा भरलेल्याकडे नेतो आणि वायर तुटली तर टाकी फुल दिसते. टाकी खडखडीत आणि मीटर फुल. ज्या बोटीत पेशंट जातो त्या बोटीत मी तरी दुसरी पट्टी बसू देणार नाही. दादा, २४०-३३ चीच जोडी घ्या.

नवापूर_उकाई

वायरमन काका, फार मोलाचं सांगितलंत. आम्ही उकाईच्या फुगवट्यात, नवापूरकडच्या अंगाला बोट चालवतो. यात एक भर घालतो. २४०-३३ च्या पट्टीलाही एक वाईट बाजू आहे. सेंडरची वायर कुठं घासली, इन्सुलेशन गेलं आणि तांबं निगेटिव्हला टेकलं, तर ओहम शून्याकडे जातात आणि मीटर फुल दाखवतं. आमच्याकडे एका बोटीत बाकड्याच्या खिळ्यावर वायर घासून हे झालेलं मी डोळ्यांनी पाहिलंय. बोटवाला निर्धास्त होता, कारण सकाळी भरली म्हणून काटा फुल, दुपारीही फुल.

म्हणून सिग्नलची (सेंडरकडून मीटरला जाणारी) वायर आणि निगेटिव्हची वायर एका गुंडाळीत नेऊ नका. सिग्नलची वायर वेगळ्या लवचिक नळीतून न्या आणि बोटीच्या अंगाला क्लिपांनी धरा, लोंबती ठेवू नका. काटा चालत्या बोटीत बराच वेळ अजिबात हलला नाही तर त्यावर विश्वास नाही, काठी घाला.

भुसावळ_वायरमन

बरोबर. ही बाजू मी लिहायला हवी होती. याच गोष्टीचा तपासणीसाठीही उपयोग होतो. २४०-३३ चं मीटर चालू करा, सेंडरकडची सिग्नल वायर काढा: काटा रिकाम्यावर जायला हवा. तीच वायर क्षणभर निगेटिव्हला टेकवा: काटा फुलवर जायला हवा. दोन्ही झालं तर मीटर आणि वायरिंग ठीक, दोष सेंडरमध्ये. हे टाकीवर वाकून करायचं नाही. जोड टाकीच्या कप्प्याबाहेर आणलेला असेल तिथं, हवा खेळती असताना करायचं.

आणि एक पक्कं लक्षात ठेवा. बॅटरीचं पॉझिटिव्ह सेंडरच्या टर्मिनलला कधीही लावू नका, “जरा बघू” म्हणूनसुद्धा नाही. पॉझिटिव्ह फक्त मीटरला जातं, स्विचमधून आणि बॅटरीजवळ लावलेल्या लहान फ्यूजमधून. सेंडरला मीटरच्या एस टर्मिनलमधूनच (सिग्नलची वायर लागते ते) जेवढा करंट येतो तेवढाच.

शहादा_गॅरेज

काका, मान्य. ट्रॅक्टरचा सेंडर मी मागे घेतो. लोखंडी टाकीच्या सवयीनं सांगून गेलो. आणखी एक आठवलं, दांडीचा सेंडर फिरायला आडवी जागा मागतो. आत टाकीच्या मधली भिंत किंवा पेट्रोल ओढायची नळी असेल तर दांडी तिथं अडकते आणि काटा अर्ध्यावर थांबतो.

जळगाव_पॉलिथिन

मी जळगावच्या एमआयडीसीत पाइपच्या कारखान्यात आहे, रोज पॉलिथिनच हाताळतो. टाकीला भोक कसं पाडायचं याचं उत्तर अजून कोणी दिलं नाही, ते मी देतो. आमच्या शहरात चटई आणि पाइपचा एवढा धंदा आहे की पॉलिथिनला काय चिकटतं हे लोक रोज विचारतात. खरं उत्तर: काहीच नीट चिकटत नाही. एम-सील नाही, फेव्हिक्विक नाही, एपॉक्सी नाही. पृष्ठभाग मेणचट असतो, लावल्यावर पकडल्यासारखं वाटतं आणि महिन्याभरात पापडी निघते. सिलिकॉन तर पेट्रोलनं फुगतं आणि जेलीसारखं सुटतं. त्यामुळे सेंडर चिकटवून बसवायचा विचारच नको. जोड पॅकिंगच्या दाबावर टिकला पाहिजे.

तसंच पॉलिथिनमध्ये थेट स्क्रू पिळू नका. पहिल्या दिवशी घट्ट वाटेल. हे प्लास्टिक दाबाखाली हळूहळू सरकतं, स्क्रूचे आटे ढिले पडतात आणि हिंदकळणाऱ्या टाकीत पेट्रोल वर येतं.

त्यासाठी चकतीच्या आतून धातूची रिंग येते. ती एका जागी कापलेली असते, किल्ल्यांच्या रिंगेसारखी. कापलेलं टोक भोकात घालून फिरवत फिरवत आत सरकवायची. तिला पाच स्टड (आट्यांचे दांडे) उभे असतात, ते टाकीच्या वरच्या भिंतीतून बाहेर येतात, वर पॅकिंग, त्यावर सेंडरची चकती, मग नट. म्हणजे प्लास्टिकची भिंत रिंग आणि चकतीच्या मध्ये दाबली जाते. बोटीच्या बहुतेक सेंडरला पाच भोकांची ठरलेली चकती असते, भोकांच्या वर्तुळाचा व्यास साधारण ५४ मिलिमीटर. पाचही भोकं सारख्या अंतरावर नसतात, चकती एकाच रीतीनं बसते. म्हणून पॅकिंगलाच फर्मा समजून पेन्सिलनं खुणा करा, पट्टीनं मोजत बसू नका.

रिंग आत सरकवण्याआधी तिला मजबूत दोरा बांधा आणि दोऱ्याचं टोक बाहेर ठेवा. सुटली तर टाकीच्या तळाला जाते आणि ती काढण्यात अर्धा दिवस जातो.

पॅकिंग नायट्राइल रबराचं घ्या, व्हिटॉन मिळालं तर उत्तम. सायकलच्या ट्यूबचं कापून लावू नका, पेट्रोलमध्ये ते फुगून लिबलिबीत होतं. नटाखाली सील असलेले वायसर घाला. लोक मधल्या भोकाचं पॅकिंग जपतात आणि स्टडच्या आट्यांमधून पेट्रोल वर येतं हे विसरतात. नट समोरासमोरचे आळीपाळीनं, थोडे थोडे आवळा. दुसऱ्या दिवशी पुन्हा एकदा हात फिरवा, कारण प्लास्टिक बसलेलं असतं. पान्याला लोंबकळून आवळू नका, त्यानं भिंतच वाकते आणि मधल्या जागी फट पडते.

नर्मदा_फेरी

एवढं सविस्तर कोणी सांगितलं नव्हतं. धन्यवाद. टाकी वापरातली आहे, आत पेट्रोल होतं. तिला ड्रिल मारायचं म्हणजे मनात धास्ती आहे.

जळगाव_पॉलिथिन

धास्ती असायलाच हवी. रिकामी टाकी भरलेल्या टाकीपेक्षा जास्त धोक्याची. आत वाफ आणि हवा दोन्ही असतात, पेटायला ठिणगीच लागते. पेट्रोलची वाफ हवेपेक्षा जड, ती तळाशी आणि बोटीच्या पोटात साचून राहते, टोपण उघडं ठेवलं म्हणून निघून जात नाही.

टाकी बोटीतून पूर्ण बाहेर काढा, मोकळ्या जागी न्या. सगळं पेट्रोल काढा. साबणाच्या पाण्यानं पुन्हा पुन्हा खळखळून धुवा. मग जिथं भोक पाडायचं तिथपर्यंत पाणी काठोकाठ भरा. पाणी आलं की वाफेला जागाच उरत नाही. बॅटरीच्या ड्रिललाही आत ब्रशची ठिणगी असते, म्हणून हातानं फिरवायचं गिरमिट किंवा हातड्रिल वापरा, त्याला होल सॉ (गोल भोक कापणारी करवत) लावा. पाण्याचा आणखी एक फायदा, कापलेला पॉलिथिनचा कीस पाण्यावर तरंगतो, वरच्या वर काढून घेता येतो. नाहीतर तोच कीस पुढे फिल्टरमध्ये जातो. कडा धारदार चाकूनं साफ करा. पॉलिश पेपर लावू नका, त्याची भुकटी आत जाते.

नंतर पाणी संपूर्ण काढा, सुती फडक्यानं पुसा, सगळी तोंडं उघडी ठेवून उन्हात सुकू द्या. एक थेंबही राहता कामा नये, कारण आत्ता पंपावर मिळणारं पेट्रोल इथेनॉलचं आहे.

वापरलेल्या टाकीला गरम हवेनं वेल्डिंग करून देतो म्हणणारा कोणी भेटला तर त्याला टाकी देऊ नका.

नवापूर_उकाई

इथेनॉलचं निघालं म्हणून सांगतो. ई-२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं) पेट्रोल पाणी ओढतं. बोटीच्या टाकीत ओलसर हवा सारखी आत-बाहेर होते. पाण्याचं प्रमाण वाढलं की इथेनॉल आणि पाणी एकत्र होऊन तळाशी बसतं, आणि मशीनची नळी तळाशीच असते. मग काटा अर्धी टाकी दाखवतो आणि मशीन मात्र झटके देऊन बंद पडतं. यात मीटरचा दोष नाही, त्याला पातळी कळते, आत काय आहे हे कळत नाही. पाणी वेगळं करणारा फिल्टर लावलाच पाहिजे, तोही पारदर्शक वाटीचा, म्हणजे पाणी डोळ्यांना दिसतं.

याच कारणानं कपॅसिटिव्ह जातीचा सेंडर घेऊ नका. तो द्रवाच्या विद्युत गुणावर पातळी ओळखतो. पेट्रोल, इथेनॉल आणि पाणी यांचे ते गुण फार वेगळे आहेत. एका पंपाच्या पेट्रोलवर बसवलेला हिशोब दुसऱ्या पेट्रोलवर चुकतो.

भुसावळ_वायरमन

सहमत. मी रीड स्विचचा (चुंबक जवळ आला की जुळणाऱ्या बारीक स्विचांचा) सेंडर सुचवीन. स्टेनलेस स्टीलची उभी बंद नळी, तिच्यावर वर-खाली सरकणारा चुंबकाचा फ्लोट. स्विच आणि रेझिस्टन्स नळीच्या आत, पेट्रोलशी संपर्क नाही. आडवी जागा लागत नाही. दोन वायर बाहेर येतात, म्हणजे निगेटिव्हचा प्रश्नही सुटला. काटा एकसारखा न सरकता टप्प्याटप्प्यानं सरकतो, पण कामाला तेवढं पुरतं.

त्याची लांबी वाढवता-घटवता येत नाही, ठरवूनच घ्यावी लागते. टाकीची आतली उंची काठीनं मोजा आणि त्यापेक्षा दीड-दोन सेंटिमीटर आखूड घ्या. तळाला टेकला तर टाकी फुगली-दबली की नळीवर जोर येतो.

मोलगीची_ताई

नमस्कार. मी आरोग्याच्या कामात आहे. धागा पहिल्यापासून वाचतेय. तांत्रिक मला सगळं कळत नाही, पण आमच्या बाजूच्या चिमलखेडी, मणिबेलीकडच्या गावांना पावसाळ्यात पाण्यावाटेच जावं लागतं. तरंगता दवाखाना आहे, तरी ऐनवेळी जवळ असेल ती बोट घ्यावी लागते. बाळंतपणाची केस रात्री निघते, आणि आम्ही बोटवाल्या दादांना पहिला प्रश्न विचारतो, पेट्रोल आहे ना? ते म्हणतात, असेल.

मला एवढंच विचारायचंय, मीटर बसल्यावर किती पेट्रोल असेल तर निघायचं, याचा काही सोपा नियम आहे का? जो माझ्यासारखीला पण बघून कळेल?

भुसावळ_वायरमन

ताई, तुमचाच प्रश्न सगळ्यात आधी यायला हवा होता. बोटवाल्यांमध्ये जुना हिशोब आहे: एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव. राखीव हे वाऱ्यासाठी, उलट्या पाण्यासाठी, वाट चुकली तर त्यासाठी. २५ हॉर्सपॉवरचं टू-स्ट्रोक मशीन पूर्ण थ्रॉटलला तासाला दहा-बारा लिटर सहज पितं, भरलेल्या बोटीत अंतराच्या मानानं जास्तच. तेव्हा जाऊन-येऊन जेवढं लागतं त्याच्या दीडपट टाकीत असेल तरच निघायचं. मीटरच्या काचेवर तेवढ्या जागी लाल रेघ ओढून घ्या म्हणावं. काटा रेघेच्या वर असेल तर बसायचं.

पण रेघ ओढण्याआधी टाकी मोजून घेतली पाहिजे. काटा अर्ध्यावर म्हणजे अर्धं पेट्रोल असं नसतं. सेंडरला फक्त उंची कळते. टाकी तळाला निमुळती असेल तर अर्ध्या उंचीत अर्ध्यापेक्षा कमी माल असतो.

मोलगीची_ताई

लाल रेघेचं लगेच कळलं. काका, मनापासून आभार. आमच्या बाजूच्या बोटवाल्यांना हा धागा दाखवते.

नर्मदा_फेरी

मंडळी, काम झालं. जसं सांगितलं तसंच केलं, थोडक्यात लिहितो, कोणाला उपयोग होईल.

सेंडर रीडचा, २४०-३३ चा, मीटर त्याच जोडीचं. बसवण्याआधी सगळं ओसरीवर मांडून जोडलं. फ्लोट बोटानं तळाला धरला तर मल्टिमीटरवर २४० च्या आसपास, मध्यावर १०३ च्या आसपास, वर ३३. काटाही सोबत चालला. टाकी धुतली, पाणी भरलं, शेजारच्या सुतारदादांच्या गिरमिटानं भोक पाडलं. जागा टाकीच्या लांबीच्या मध्यावर घेतली, तोंडापासून लांब. रिंगेला दोरा बांधला होता, आणि ती खरंच एकदा हातातून सुटली. दोऱ्यानं वर आली.

गळती बघायला कोरड्या टाकीची सगळी तोंडं बंद करून सायकलच्या पंपानं अगदी हलका दाब दिला आणि चकतीभोवती साबणाचा फेस लावला. एका स्टडपाशी बारीक बुडबुडे आले. तिथलं वायसर तिरकं बसलं होतं. काढून सरळ केलं, मग एकही बुडबुडा नाही. (कंप्रेसर कोणीही लावू नका, गॅरेजवाल्यानं मलाही हेच बजावलं. टाकी फुटते.)

मग मोजलं. टाकी बोटीत बसवून, बोट पाण्यात सपाट ठेवून, मापाच्या कॅननं थोडं थोडं पेट्रोल घातलं आणि काटा बघितला. आमची टाकी तळाला निमुळतीच निघाली:

काटा रिकाम्यावरून हलायला लागतो तेव्हा टाकीत ३ लिटर
पाव – १४ लिटर
अर्धा – २६ लिटर
पाऊण – ४० लिटर
फुल – ५५ लिटर

म्हणजे अर्ध्यावर ३० समजून निघालो असतो तर हिशोबात ४ लिटरचा फरक पडला असता.

एक गोष्ट मला स्वतःला नवी कळली. आमच्याकडे काठ उताराचा. बोट किनाऱ्याला लावली की नाक वर आणि मशीनची बाजू खाली. पेट्रोल मागे जातं. सेंडर मध्ये असूनही काटा किनाऱ्यावर वेगळा आणि पाण्यात वेगळा दिसतो. उन्हाळ्यात पाणी उतरलं की काठ आणखी तिरका होतो. म्हणून मी ठरवलंय, दोर सोडून बोट सपाट झाली की मगच काटा वाचायचा, आणि रेघेखाली असेल तर तिथूनच परत लावायची.

शहादा_गॅरेज

जिभाऊ, झकास काम. फुल काटा ५५ ला येतो तेच चांगलं आहे. ६० पूर्ण भरायचंच नाही. आपल्याकडे एप्रिल-मे मध्ये पारा ४५ च्या पुढे जातो. पहाटे पंपावर भरलेलं पेट्रोल दुपारी तापून पसरतं. वीस अंश वाढले तर ६० लिटरचं एक लिटरनं तरी वाढतं, आणि काठोकाठ भरलेल्या टाकीत ते हवेच्या नळीतून बाहेर येतं, तेही माणसं बसलेल्या बाकड्याखाली. हवेच्या नळीचं टोक बोटीच्या बाहेरच्या अंगाला काढलंय ना?

नर्मदा_फेरी

हो, बाहेर काढलंय, टोकाला जाळी आहे आणि वाकवून खाली तोंड केलंय, पावसाचं पाणी जाऊ नये म्हणून.

जळगाव_पॉलिथिन

टाकी आवळणाऱ्या पट्ट्या फार गच्च ठेवू नका. पॉलिथिन पेट्रोल पिऊन थोडं फुगतं, लांबीत दोन टक्क्यांपर्यंत. धुवून-सुकवून तुमची टाकी थोडी आक्रसली असेल, आता पुन्हा वाढेल. दोन्ही टोकांना बोटभर जागा आणि पट्टीखाली रबर. आणि फळीची सावली टाकीवर कायम राहू द्या. सतत उन्हात ठेवलं तर काळं पॉलिथिनसुद्धा वर्षांनुवर्षांनी ठिसूळ होतं.

हतनूरचा_जाळेवाला

दादा, मी काठीवाला, पण तुमचं कोष्टक बघून मलाही माझ्या काठीवर लिटरच्या खाचा करायच्या आहेत. आजवर बोटांनी मोजायचो. काठीही अशीच भरत भरत मोजायची का?

नर्मदा_फेरी

हो भाऊ, अगदी तशीच. बोट सपाट, पाच-पाच लिटर घालायचं आणि दरवेळी काठी सरळ तळापर्यंत घालून ओल्या जागी चाकूनं खाच. मी पण माझ्या काठीवर केल्या. आता मीटर आणि काठी एकमेकांशी ताडून बघता येतात. लाटांवर काटा थोडा डुलतो, थ्रॉटल कमी केला की थांबतो.

एक राहिलं. लिटरचं कोष्टक फळीच्या आतल्या बाजूला मार्करनं लिहिलं होतं, पेट्रोलचा हात लागला आणि पुसलं गेलं. कशानं लिहावं?

नवापूर_उकाई

मार्करची शाई पेट्रोलनं जाते, ऑइल पेंटही सुटतो. जाड कागदावर साध्या पेन्सिलनं लिहा, प्लास्टिकमध्ये लॅमिनेट करून घ्या आणि मीटरच्या शेजारी दोन स्क्रूंनी बसवा. आमच्या बोटीत असंच आहे, अक्षर जसंच्या तसं आहे. लाल रेघ मात्र काचेच्या बाहेरून न ओढता लाल टेपची बारीक पट्टी चिकटवा, पाण्याची पातळी आणि फेरीचं अंतर बदललं की ती हलवता येते.